तोंडी ऑक्सिजन

३ मार्च, सोमवार

मास्तर,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू पुढचं न वाचताच पत्र घडी घालून ठेवलं असतंस, म्हणून नुसतं मास्तर. फोन सहा वेळा केला. सहाव्यांदा तुझ्या लेकीनं उचलला आणि म्हणाली, "काका, बाबा बाहेर गेलेत." मागे तू खोकलास. माझे कान तुला ठाऊक आहेत. खोकला कोरडा आहे, छातीत काही नाही, तेव्हा तब्येत बरी असणार असं धरून चालतो.

अकरा वर्षं आपण एका ॲम्ब्युलन्सवर काढली. मी स्टिअरिंगवर, तू मागे पेशंटपाशी. तू मागून ओरडायचास, "खड्डे बघ रे, सलाइन हलतंय!" आणि मी म्हणायचो, "रस्ता मी नाही बांधला." बायकांशी बोललो नसू इतकं त्या गाडीत एकमेकांशी बोललो आपण. ड्रायव्हर माणसाला पस्तिसाव्या वर्षी पुस्तक हातात घ्यायला लावलंस तू. आज कॉलेजात पोरं मला सर म्हणतात, त्यातला निम्मा सर तुझा आहे. हे लोणी लावणं नाही. बरं, थोडं आहे.

इकडे पॅरामेडिकच्या कोर्सला यंदा बत्तीस जण आहेत. व्हरांड्याच्या टोकाच्या आपल्या दोन्ही खोल्या तशाच, फक्त रंग दिलाय, त्यामुळे तू भिंतीवर लिहिलेली वाक्यं गेली. सरावाच्या पुतळ्याची, आपल्या प्लॅस्टिकच्या काकाची, मान बदलली. घशात नळी घालायला शिकताना पोरांनी त्याचे दोन दातही पाडले. नवी पोरं विचारतात, "सर, काकांना झालंय काय?" मी म्हणतो, "बाळांनो, गेल्या नऊ वर्षांत काय झालं नाही ते विचारा."

आता एक छोटंसं काम. जुन्या फायली लावतोय. त्यात प्रात्यक्षिक परीक्षेचा तपासणी तक्ता सापडला. मुद्दा सातवा: 'विद्यार्थी "ऑक्सिजन सुरू" असे स्पष्ट म्हणतो. गुण दोन.' तुझं अक्षर, खाली तुझी सही. माझी सही नाही. हे कधी आणि कसं लिहिलं गेलं, तुला काही आठवतंय का? विशेष काही नाही. फाइल पुरी करायची म्हणून विचारतो.

दोन ओळी पाठव. लेकीला आशीर्वाद. तुझी वहिनी आठवण काढते, आणि आठवण काढली की माझ्याकडे बघते.

६ मार्च, गुरुवार

मास्तर,

उत्तर आलं नाही. तीन दिवसांत येणारही नव्हतं, पण मला दम कुठला. काल दुपारी पोस्टमनला फाटकावर गाठलं तर तो म्हणाला, "साहेब, तुमचं काही असलं की मीच पळत येईन, तुम्ही बसा." बसवत नाही. वर्गात बसलो तर पाय हलतो, घरी बसलो तर उठून शेगडी बघून येतो. तुझी वहिनी म्हणाली, "सकाळपासून चौथ्यांदा बंद शेगडी बंद करताय. तिला तरी विसावा द्या."

फायली लावतोय हे खोटं होतं. तू ते पहिल्याच वाचनात ओळखलं असणार, म्हणून लपवत नाही.

तुला रेडिओ आठवते? तुझ्या शेवटच्या सत्रात पहिल्या बाकावर बसायची ती. प्रत्येक पायरी खणखणीत आवाजात बोलून दाखवायची, म्हणून तूच तिला रेडिओ म्हणायला लागलास. ती शंभरपैकी शंभर घेऊन पास झाली, नऊ महिने झाले गाडीवर आहे. गेल्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास, तिला एका म्हातारीच्या घरून बोलावणं आलं. जुना दम्याचा आजार, श्वास पुरत नव्हता. रेडिओनं सगळं क्रमानं केलं. हातमोजे, नाव विचारणं, बसतं करणं, बोटाला यंत्र. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी टक्के. मास्क लावला. "ऑक्सिजन सुरू," असं म्हणाली. ड्रायव्हरनं पुढे बसून ऐकलं, तशी त्यानं साक्ष दिलीय. गाडी निघाली.

आकडा चढेना. एकोणऐंशी. चौऱ्याहत्तर. पोरीनं बोटावरचं यंत्र बदललं, बोटं गार पडली असतील म्हणून चोळली, मास्कचा पट्टा आवळला. अकरा मिनिटं. हॉस्पिटलच्या दारात नर्सनं सिलिंडरकडे एकदा बघितलं आणि चावी फिरवली.

चावी बंद होती, मास्तर. अकरा मिनिटं पोरीनं त्या बाईच्या तोंडावर रिकामा मास्क दाबून धरला होता.

बाई नऊ दिवसांनी घरी आली. पण लेकाला कधी ओळखते, कधी नाही. लेकानं तक्रार केली. आता चौकशी समिती बसलीय, तीन माणसांची. पोरीचं नाव नोंदणीतून कायमचं काढायचं का, हे ते ठरवणार. चूक तिची एकटीची ठरली तर काढतील. कॉलेजनंच तसं शिकवलं होतं असं ठरलं, तर पोरगी वाचेल.

आणि शिकवलं होतंच ना. 'असे स्पष्ट म्हणतो.' सरावाला सिलिंडर रिकामा असायचा, भरून यायला आठवडे लागायचे, म्हणून आपण चावीला हात न लावता नुसतं तोंडानं म्हणायला लावलं. आपण म्हणजे, तू लिहिलंस. म्हणून म्हणतो, समितीसाठी एक कागद दे: ही पद्धत मी सुरू केली. तू आता निवृत्त. तुझं कुणी काय वाकडं करणार? नातवंडांत बसलायस. आणि पोरगी सुटेल. ती तुझी लाडकी होती.

चौकशी अठरा तारखेला आहे.

११ मार्च, मंगळवार

मास्तर,

आज तुझं पाकीट आलं. पोस्टमन खरंच पळत आला. मी व्हरांड्यातच फोडलं.

चिठ्ठीत तीन ओळी. 'अक्षर माझं. सही माझी. सोबतचा कागद वापर.' आणि सोबत तो कागद. 'तोंडी ऑक्सिजनची पद्धत माझ्या सूचनेवरून व माझ्या जबाबदारीवर सुरू झाली.' तारीख, पूर्ण नाव, सही. एक खाडाखोड नाही. अडीच वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला मजकूर, आणि त्यात माझ्या नावाचा उल्लेख सुद्धा नाही.

खरं सांगतो, वाचून आधी हलकं वाटलं. विभागप्रमुख बाईंच्या खोलीत जाऊन कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगून चहा मागवला. म्हणाल्या, "सर, तुमचे मित्र मोठ्या मनाचे आहेत हो." मी म्हटलं, "मनाचं ठाऊक नाही, हट्टाचे मोठे आहेत." दोघंही हसलो. चहा संपेस्तोवर ठीक होतं.

घरी तुझ्या वहिनीला कागद दिला. ती पोळपाट सोडून आली, पिठाचे हात लागू नयेत म्हणून लांब धरून वाचला आणि म्हणाली, "किती सुंदर अक्षरात खोटं लिहिलंय भाऊजींनी."

मी म्हटलं, "खोटं कसं? लिहिलं होतं त्यानंच."

"लिहिलं त्यांनी. सांगितलं कुणी?"

"तुला काय माहीत?"

"तुम्हीच त्या दिवशी घरी येऊन फुशारकी मारली होती. म्हणाला होतात, मास्तर चावी चावी करत बसला, मी एका वाक्यात मोकळा केला."

बायकोच्या लक्षात काय काय राहतं, याचा माणसानं लग्नाआधी विचार करायला हवा.

हो. मीच सांगितलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय आपटल्यासारखं, म्हणून तू लिहिलंस. तू म्हणालास, "हे बरोबर नाही. हाताला सवय लागते, तोंडाला नाही." मी म्हणालो, "आठ दिवसांसाठी रे, सिलिंडर येईपर्यंत." सिलिंडर आला. तो पुन्हा संपला. आठ दिवसांची चार वर्षं झाली.

तू हा कागद का पाठवलास, ते मला कळत नाहीय. मोठेपणा दाखवतोयस, की थोबाडीत मारतोयस? एकदा वाटतं पहिलं, एकदा दुसरं. दुपारी वर्गात पोरांना छातीचा आवाज ऐकायला शिकवत होतो. स्टेथोस्कोप एका पोराच्या पाठीवर आणि मी मनात तुझ्याशी भांडतोय. तो म्हणाला, "सर, किती वेळ श्वास धरू?"

१५ मार्च, शनिवार

मास्तर,

तुझं उत्तर मागत नाही, तरी लिहितो. लिहिलं नाही तर शेगडीपाशी जाईन.

सहा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं, कागद दे म्हणजे पोरगी सुटेल. ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं असं. तू गेलास तेव्हा रेडिओ पहिल्या सत्रात होती. पुढचं दीड वर्ष तिला मी शिकवलं, शेवटची परीक्षा मी घेतली. तेव्हा समितीचा दुसरा प्रश्न ठरलेला: "ते मास्तर गेल्यावर ही पद्धत चालू राहिली का?" 'हो' म्हटलं तर मी सापडतो. 'नाही' म्हटलं तर कॉलेज सुटतं, मी सुटतो, आणि पोरगी बुडते, कारण तिला बरोबर शिकवूनही तिनं चूक केली असं ठरतं. प्रमुख बाईंनी मला वाक्यसुद्धा करून दिलंय. "ते गेले आणि ती पद्धतही त्यांच्याबरोबर गेली, एवढंच म्हणा सर." वाईट बाई नाहीत त्या. कोर्स बंद पडला तर बत्तीस पोरं रस्त्यावर येतील, ही त्यांची भीती. मला ते वाक्य तीन तारखेलाच मिळालं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या तासभर आधी.

म्हणजे तुझा कागद पोरीसाठी नव्हताच. आता तू जे काय म्हणायचं ते मनात म्हण.

काल रेडिओ कॉलेजात आली होती, गुणपत्रिकेची प्रत न्यायला. जिन्यात गाठ पडली. बारीक झालीय. आवाजही गेलाय, हळू बोलते. मला बघून तिनं रस्ता दिला, जसं पोरं सरांना देतात. मी म्हटलं, "जेवतेस का नीट?"

म्हणाली, "सर, एक विचारू? मी रोज मनात पुन्हा सगळं करून बघते. मला चूक सापडत नाही. चावी राहिली हे कळतं. पण कुठल्या जागी राहिली ते सापडत नाही. माझ्या यादीत ती जागाच नाही."

मी म्हटलं, "पिशवी बघितलीस का? मास्कखालची? ऑक्सिजन चालू असला की ती फुगते."

"बघितली ना सर. चपटी होती. पण ती चपटीच असते." आणि मग म्हणाली, "मी म्हटलं ऑक्सिजन सुरू, आणि थांबले."

"कशाला?"

"तुम्ही म्हणायचात ना, 'वाढतंय, नव्वद, चौऱ्याण्णव, पुढे जा.' कुणी बोललंच नाही."

तुला आठवतं, सरावात काकाच्या बोटाचं यंत्र खोटं, त्याचा आकडा आपण तोंडानं सांगायचो. पोरगी म्हणायची सुरू, मी म्हणायचो वाढतंय. तिनं चाळीस वेळा म्हटलं असेल, मी चाळीस वेळा वाढवलं. त्या गाडीत म्हातारी निळी पडत होती आणि पोरगी माझ्या आवाजाची वाट बघत होती.

मी तिला काय सांगितलं असेल? सांगितलं, "चहा घेऊन जा." ती म्हणाली, "नको सर, बाबा खाली थांबलेत."

अठरा तारखेला काय म्हणणार आहे ते मला अजून ठाऊक नाही. तुझा कागद शर्टाच्या खिशात आहे. रोज शर्ट बदलतो, कागद बदलत नाही.

१९ मार्च, बुधवार

मास्तर,

झालं. बसून ऐक. पहिल्यांदाच माझी फजिती मी स्वतःहून सांगतोय.

समिती आपल्याच खोलीत बसली. मध्ये एक डॉक्टर, ज्यांना हसायची बंदी असावी असे. शेजारी नोंदणी कार्यालयातल्या एक बाई. तिसरा ॲम्ब्युलन्स सेवेतला अधिकारी, हातावर जुन्या जखमांचे व्रण, म्हणजे आपल्यातला. भिंतीकडेच्या खुर्चीत रेडिओ आणि तिचे वडील. प्रमुख बाई माझ्या बाजूला. त्यांनी सकाळीच नवा सिलिंडर मागवून घेतला होता, काठोकाठ भरलेला. मला कुजबुजल्या, "उघडून दाखवा हं सर."

खिशात तुझा कागद, तोंडात बाईंचं वाक्य. आणि मी ते म्हणणार होतो, मास्तर. आदल्या दिवशी ठरवलं होतं. पोरगी तरुण आहे, दुसरं काही शिकेल, असं स्वतःला समजावलं होतं. तू माझ्याबद्दल याहून बरं समजत असलास तर ते सोडून दे.

डॉक्टर म्हणाले, "बोलण्याआधी दाखवा. आज तुमच्याकडे हे कसं शिकवतात?"

मला तर हेच हवं होतं. काका टेबलावर. मी बाह्या सरसावल्या. सगळं इतकं झकास केलं म्हणून सांगू. हातमोजे घातले. "काका, मी ॲम्ब्युलन्समधून आलोय, घाबरू नका." बसतं केलं, बोटाला यंत्र लावलं, मास्क काढला, नळी जोडली, पट्टा कानामागे घेतला. "ऑक्सिजन सुरू." मग म्हटलं, "वाढतंय, नव्वद, चौऱ्याण्णव." नाडी बघितली, स्ट्रेचरची सूचना दिली, पाठ सरळ केली. प्रमुख बाईंकडे बघून मान सुद्धा हलवली, कसं काय म्हणून.



तो अधिकारी उठला. काकाच्या मास्कखालची पिशवी त्यानं दोन बोटांत धरली आणि सोडली. ती कागदासारखी लोंबली. तो माझ्याकडे बघून सौम्यपणे म्हणाला, "दादा, चावी."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी सिलिंडरकडे बघितलं. चावी बंद होती.

मी उघडायचं ठरवून आलो होतो! बाईंनी कानात सांगितलं होतं! घरून कॉलेजपर्यंत हेच घोकत आलो होतो. आणि हात गेलाच नाही. रस्त्यापलीकडच्या माणसाची घरघर मी ऐकू शकतो, आणि एक फुटावरचा सिलिंडर गप्प आहे हे मला ऐकू आलं नाही. आलं असेल, पण खोलीत तेच ऐकायची सवय. तो उघडा असता तर दचकलो असतो.

रेडिओ खुर्चीतून अर्धी उठली होती. तिचे वडील म्हणाले, "बस गं." तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, मास्तर. तिला ती जागा दिसली होती, यादीतली, जी सापडत नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "ही पद्धत कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."

प्रमुख बाई म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे एक कागद आहे ना?"

मी म्हटलं, "आहे. त्यात खोटं आहे. माझ्या मित्रानं माझ्यासाठी लिहिलंय, मी मागितलं म्हणून." मग थांबता येईना. तुझी शेवटची परीक्षा सांगितली. एकोणीस पोरांनी चावीला हात लावला नाही म्हणून तू एकोणीसच्या एकोणीस नापास केलेस. मी सगळ्यांसमोर तुला अडेलतट्टू म्हटलं, पेन घेतलं आणि एकोणिसांपुढे 'पास' लिहिलं. तू स्टेथोस्कोप गळ्यातून काढून काकाच्या छातीवर ठेवलास आणि गेलास. नोंदणीच्या बाई लिहून घेत होत्या. त्या म्हणाल्या, "जरा हळू सांगा." मी म्हटलं, "हळू सांगितलं तर राहून जाईल."

संपल्यावर डॉक्टरांनी एकच विचारलं. "हा तक्ता किती वर्षं वापरात आहे?"

"चार."

"मग तुमचे किती जण बाहेर गाड्यांवर आहेत?"

मास्तर, मी इतके दिवस एका पोरीचा आणि माझा विचार करत होतो. आकडा माझ्याकडे नव्हता.

तुझा कागद घरी येऊन फाडला. अक्षर चांगलं म्हणून जरा वेळ लागला. 'फाडलेला खिशात नका ठेवू आता,' असं तुझ्या वहिनीनं बजावलं.

२ एप्रिल, बुधवार

मास्तर,

निकाल लागला. रेडिओचं नाव नोंदणीत राहिलं. तीन महिने दुसऱ्या पॅरामेडिकच्या हाताखाली काम करायचं, मग पुन्हा एकटी. त्या म्हातारीच्या लेकाला ते पटलेलं नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. परवा त्याच्या घरी गेलो होतो. त्यानं दार उघडलं, मी कोण ते सांगितलं, सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आता येऊन काय उपयोग?" आणि दार लावलं. बरोबर आहे.

कोर्स चालू राहिला. मला वर्षभर परीक्षा घ्यायची नाही, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. शिकवायचं तर दुसऱ्या शिक्षकाच्या देखत. परवा नव्या मॅडम मागच्या बाकावर बसून माझा तास बघत होत्या, आणि मी चावी इतक्या वेळा फिरवली की एक पोरगा म्हणाला, "सर, काका उडतील."

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही.

आकडा निघाला: एकशे सात. चार वर्षांत त्या तक्त्यावर पास झालेले एकशे सात जण गाड्यांवर आहेत. समितीनं पत्रं पाठवायला सांगितलं. पत्रं जातील तेव्हा जातील, मी त्याच संध्याकाळी फोन घेऊन बसलो. रोज करतो. वर्गाच्या मधल्या वेळेत, जेवताना, बस थांब्यावर. एकच सांगतो: "आज गाडीवर गेल्यावर सिलिंडरपुढे उभा राहा, चावी फिरव, पिशवी फुगलेली डोळ्यांनी बघ, मग तोंड उघड." कुणी म्हणतं, "सर, तब्येत बरी आहे ना तुमची?" एक म्हणाला, "सर, चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर दोन गुणांसाठी घसा कोरडा केला नसता." हसतात. मीही हसतो.

तुझ्या एकोणिसांपैकी एकाला फोन केला, तो सदा झोपाळलेला, जेमतेम पास होणारा. सगळं ऐकून म्हणाला, "मी तर उघडतोच सर."

मी म्हटलं, "शाब्बास रे! कधीपासून?"

म्हणाला, "दुसऱ्या आठवड्यापासून. एक माणूस निळा पडला होता. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं म्हणून कळलं. वाचला तो, सर. वाचला."

"मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, माझंच चुकलं. मी पहिल्यापासून ढ ना."

मी फोन ठेवला आणि यादीत त्याच्या नावापुढे खूण करता येईना. त्यानंतर प्रत्येकाला सरळ विचारायला लागलो. मास्तर, आतापर्यंत सात जणांनी तेच सांगितलं. सात. प्रत्येकाला वाटलं, आपलं एकट्याचं चुकलं. कुणाच्या पेशंटला दोन मिनिटं गेली, कुणाच्या चार. एकीनं सांगितलं, तिचा पेशंट राहिला नाही. तो तसाही राहिला नसता असं डॉक्टर म्हणाले होते, असं तिनं मला तीनदा सांगितलं. मीही तिला तीनदा हो म्हटलं.

एकशे चार जणांशी बोलून झालं. तिघं उरलेत. तुझ्याच गावच्या ॲम्ब्युलन्स ठाण्यावर आहेत, तुझ्या घरापासून दोन बस थांबे. माझा नंबर बघून फोन उचलत नाहीत. ते कुठून शिकले ते मला कळतं. तिघं तुझ्या त्या एकोणिसांतले आहेत. त्यांना तू नापास केलं होतंस आणि मी पास केलं.

माझ्याशी बोलू नकोस. या पत्राला उत्तर देऊ नकोस. नावं पाकिटावर मागे लिहिलीत, माझ्या अक्षरात, तेव्हा नीट वाच. सकाळी आठला त्यांची पाळी बदलते. पत्र हातात पडेल त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, पण जा. गाडीचं मागचं दार उघडायला लाव, एकेकाला सिलिंडरपुढे उभं कर, आणि पुन्हा परीक्षा घे. कुणी चुकला तर नापास कर.